सातव्या महिन्याचं काय?

परवा सकाळी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी तळहातावर घेऊन मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. एवढं, किंवा याहून थोडं जास्त, मिठाचं पाणी भरलेला सिलिकॉनचा फुगा पोटात बसवून घ्यायचा का, हे मला ठरवायचं आहे. वय 46, उंची पाच फूट दोन इंच, वजन 94 किलो. शाळेचा तिसरा मजला गाठताना दोनदा कठडा धरून थांबते.

"तोंडावर ताबा ठेव, उतरेल आपोआप," असं सासूबाई म्हणतात, स्टाफरूममध्येही तेच. बारा वर्षं ताबाच ठेवते आहे. दोनदा पंधरा-पंधरा किलो उतरवले, दोन्ही वेळा परत चढले. वजन घटलं की भूक वाढते आणि शरीर कमी खाण्यात भागवायला लागतं, हे आता वैद्यकशास्त्रच सांगतं. म्हणून फुग्याचा विचार करणाऱ्या बाईला आळशी म्हणू नका.

डॉक्टरांनी नीट समजावलं. फुगा दुर्बिणीतून आत घालतात, चिरफाड नाही. तो जठरात जागा अडवतो, त्यामुळे थोडक्यात पोट भरतं. आतल्या पाण्यात निळा रंग असतो. फुगा गळला तर लघवी निळी-हिरवी होते आणि कळतं. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि उलट्या. वजन साधारण दहा टक्के उतरतं, काहींचं अधिक. गंभीर धोका क्वचितच, पण आहे: 2017 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फुगा बसवल्यानंतर झालेल्या काही मृत्यूंबद्दल डॉक्टरांना सावध केलं होतं.

हे सगळं मी पचवलं. अडले ते खर्चाच्या कागदावर. भूल, दुर्बीण, फुगा, खोली, सगळ्याचा हिशेब होता. आहारतज्ज्ञ मात्र पहिल्या महिन्यापुरताच. सहा महिन्यांनी फुगा काढणार. मग पोट पुन्हा पूर्वीएवढं रिकामं, भूक तीच, डबाही तोच. अनेकांचं वजन परत वाढतं ते याच काळात, आणि नेमकं तेव्हा पेशंटला वाऱ्यावर सोडायचं? याचा मला मनापासून राग आहे.

मी अजून तारीख घेतलेली नाही. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरण्याआधी एवढं विचारा: फुगा काढल्यावर पुढचं वर्षभर मला कोण तपासणार? आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.