पावसाने पंचांग बदलले. सरकारचे कॅलेंडर कधी बदलणार?



उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा येथील आपल्या कितीतरी खान्देशी घरांत जून-जुलैत एक खर्च निघतो : गावाकडच्या दुबार पेरणीचा. लूमवरची रात्रपाळी, साडीच्या भरतकामाची मजुरी, आमच्यासारख्या बँक कारकुनांचा पगार, यातूनच कपाशीच्या बियाण्याची दुसरी पिशवी येते. "निसर्गापुढे कोणाचे चालते?" म्हणून आपण गप्प बसतो. आमचे म्हणणे असे की दोष एकट्या निसर्गाचा नाही. नियोजनाचाही आहे, आणि तो सुधारता येतो.

आधी हिशेब मांडू. एका एकरावर १ मिमी पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. ढगाळ, दमट दिवशी भरात आलेले पीक साधारण ३ मिमी पाणी घेते. कडक ऊन आणि कोरडा वारा असेल तर तेच पीक ६ मिमीपर्यंत घेते. म्हणजे एकरी १२,००० ऐवजी २४,००० लिटर! अशी २० दिवस उघडीप पडली की गरज जाते एकरी ४,८०,००० लिटरवर. काळी जमीन ओल धरते, पण ती शिल्लक किती दिवस पुरणार? आणि वर्षअखेर सांगतात, पावसाने सरासरी गाठली! ३१ मार्चला खात्यात शिल्लक दिसली म्हणून ऑगस्टात परत गेलेला चेक वटतो काय?

२०२३ चेच पाहा. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरात पाऊस परतला, पण फुले-पाते गळालेल्या कपाशीला त्याचा काय उपयोग? नंदुरबार, शिंदखेडा, चाळीसगाव हे तालुके त्या वर्षी दुष्काळग्रस्त जाहीर झाले, तेही ऑक्टोबर संपताना.

सुरतकरांना हे दूरचे वाटू नये. हतनूरचे पाणी आणि उकाईचे पाणी एकाच तापीचे. ऑगस्ट २००६ मध्ये वर धो-धो कोसळले, उकाईतून प्रचंड विसर्ग झाला आणि आपले शहर बुडाले. धरण सिंचनासाठी भरून ठेवायचे की पुरासाठी जागा राखायची, हा वाद तेव्हापासून आहे. ठराविक तारखेला ठराविक पातळी, हा हिशेब लहरी पावसाला पुरत नाही, हे आपण गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून शिकलो.

बँकेतले दुखणे आम्ही रोज पाहतो. पीककर्जाचे हेक्टरी प्रमाण हंगामाआधीच ठरते. दुबार पेरणीला त्यात वेगळा रकाना नाही. पेरणी महिनाभर लांबली तरी परतफेडीची तारीख हलत नाही, आणि तारीख चुकली की व्याजाची सवलत गेली. विम्याचे काय? महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा दिला, २०२५ च्या खरिपात तो गुंडाळला. सोबत पेरणीच न होणे, हंगामातील प्रतिकूल हवामान हे भरपाईचे निकषही काढले आणि सारा भार पीक कापणी प्रयोगावर टाकला. म्हणजे ज्या संकटाची भीती वाढली, त्याचेच संरक्षण काढून घेतले!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१) कालव्याचे आवर्तन तारीख पाहून नव्हे, तर मंडळनिहाय पाऊस व जमिनीतील ओल पाहून सोडावे.

२) पीककर्जात दुबार पेरणीचा आणि एक-दोन संरक्षित पाण्यांचा खर्च धरावा, पेरणी लांबली तर परतफेडीची मुदतही लांबवावी.

३) पेरणी न होणे आणि लांबलेली उघडीप यांना विम्याचे संरक्षण कायमचे द्यावे.

आपलेही कर्तव्य आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नका, असे कृषी खाते सांगते. मग सुरतेहून फोन करून "शेजाऱ्याने पेरले, तुम्ही का थांबलात?" असा तगादा लावू नका. पैसे पाठवायचेच तर ठिबकला, शेततळ्याला पाठवा.

निवडणूक आली की तिकडचे उमेदवार मते मागायला सुरतेत येतात, गावी न्यायला गाड्याही पाठवतात. यापुढे गाडीत बसण्याआधी या तीन मागण्या त्यांच्यापुढे ठेवा. उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर बँक कर्ज देत नाही. आपण मत का द्यावे?