सूर्य येळ्ळूरचा, घड्याळ मिर्झापूरचे



राजहंसगडावर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा गावातल्या घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. घड्याळ बिघडलेले नसते. ते आपल्या गावच्या सूर्यावर लावलेलेच नाही, ते लावले आहे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर. आपण त्याच्या पश्चिमेला आठ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सरासरी बत्तीस मिनिटांचा फरक. आपले आजे-पणजे 'दिवस कासराभर वर आला' म्हणत आणि बैल जुंपत, त्यांना हा हिशेब करावा लागत नव्हता.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. देशात दोन प्रमाण वेळा कराव्यात की एकच ठेवावी, हा वाद दर चार-पाच वर्षांनी डोके वर काढतो. तो दिल्ली, गुवाहाटी आणि बेंगळूर इथे चालतो. आपल्याला कोणी विचारत नाही. त्याची आपल्याला सवय आहे म्हणा, १९५६ सालीही कोणी विचारले नव्हते. पण रेषा मारली की तिच्यावर राहणाऱ्याचे काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

घड्याळावरून भांडण मराठी मुलखाला नवे नाही. जुन्या काळी मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी. रेल्वे मद्रास टाइमने धावायची आणि मुंबईकर आपल्या 'बॉम्बे टाइम'ने जगायचे. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास टाइम लादला. लोकांनी तो मानला नाही आणि १८८३ मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३९ मिनिटांनी पुढे. गिरणी कामगाराला त्याचा अर्थ लगेच कळला. भोंगा सातचा म्हणायचा, पण उठायचे मात्र पाऊण तास आधी, अंधारात. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम बंद करून दगडफेक केली. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, त्यामुळे कर्झनसाहेबांच्या राजवटीतली कोणतीही 'सोय' लोकांना संशयास्पद वाटत होती. मुंबई महापालिकेने ठराव करून बॉम्बे टाइमच कायम ठेवला, तो थेट १९५५ पर्यंत. एका शहरात दोन वेळा, जवळजवळ पन्नास वर्षे!

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मुंबईने आपली वेळ सोडली १९५५ साली, आणि पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, मुंबई राज्यातला आपला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, उगाच जोडू नये. पण एक फरक सांगण्यासारखा आहे. मुंबईकरांना आपली वेळ सोडायला पन्नास वर्षे मिळाली. त्यांनी वाद घातला, ठराव केले, आणि निरुपयोगी झाली तेव्हा आपण होऊन ती सोडली. म्हणून आज तिच्यासाठी कोणी रडत नाही.

आता आजचा प्रश्न. ईशान्येकडील लोकांची तक्रार खोटी नाही. देश पूर्व-पश्चिम जवळजवळ २९ अंश पसरला आहे, म्हणजे सूर्योदयात दोन तासांच्या आसपास फरक. अरुणाचलात जूनमध्ये सव्वाचारच्या सुमारास उजाडते, आणि कचेऱ्या उघडतात दहाला. डिसेंबरात कचेरी सुटण्याआधीच दिवे लागतात. आसामच्या चहाच्या मळ्यांत म्हणून पूर्वीपासून 'बागान टाइम' चालतो, घड्याळ एक तास पुढे. १९५१ च्या मळा कामगार कायद्यात कामाचे तास स्थानिक पातळीवर ठरवण्याची मुभा होती. २०१४ साली मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी साऱ्या आसामला ही वेळ लावण्याची भाषा केली. पुढे २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दोन वेळांचा आराखडाच मांडला. रेषा पश्चिम बंगाल आणि आसामच्या सीमेवर, तिथे पट्टा अरुंद आहे, आणि न्यू कूचबिहार व अलीपूरद्वार या दोनच स्थानकांवर रेल्वेचे घड्याळ बदलावे लागेल.

दोनच स्थानके! शास्त्रज्ञांचा हिशेब रेल्वेच्या बाजूने बरोबर असेल. पण त्या पट्ट्यात राहणाऱ्याची सासुरवाडी पलीकडे असते, बाजार अलीकडे, पोरगी एका बाजूच्या कॉलेजात आणि बाप दुसऱ्या बाजूच्या कामावर. चंदगडला पाहुणे आणि बेळगावला दवाखाना असलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे नुसते राज्य बदलते, तिथे घड्याळही बदलेल. आपली मागणी पहिल्यापासून पाटसकर सूत्राची आहे : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. वेळेची रेषा मारायचीच असेल तर लोकेच्छा तिथेही विचारा, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्हाला आहे.

श्रीलंकेत काय झाले ते पाहा. १९९६ साली विजेच्या टंचाईपायी सरकारने घड्याळ पुढे केले. तमिळ वाघांच्या ताब्यातल्या भागाने ते मानलेच नाही. दहा वर्षे एका बेटावर दोन वेळा चालल्या, आणि २००६ मध्ये सरकार पुन्हा साडेपाचवर आले. घड्याळ राजकारणात शिरले की मिनिटे मोजत नाही, माणसे मोजू लागते.

तिसरा एक पर्याय आहे आणि तो आपल्या मुळावर येणारा आहे. बेंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासकांनी सुचवले, की दोन वेळा नकोत, सगळ्या देशाचेच घड्याळ अर्धा तास पुढे ढकला. संध्याकाळचे दिवे उशिरा लागतील आणि वर्षाला दोन अब्जांहून अधिक युनिट वीज वाचेल. देशाच्या हिशेबात हे मोठे आहे, आम्ही नाकारत नाही. पण जानेवारीत आपल्याकडे आत्ताच सूर्य सातनंतर उगवतो. अर्धा तास पुढे ढकलल्यावर तो साडेसातनंतर उगवेल. मसुराच्या शिवारात जाणारी बाई सूर्य पाहूनच जाईल, तिचे काही बिघडणार नाही. बिघडेल ते बसने शहाराकडे कामाला जाणाऱ्याचे, दूध घालणाऱ्याचे आणि शाळेच्या पोरांचे. वीज वाचणार संध्याकाळची, आणि आमच्या स्वयंपाकघरात सकाळी दिवा लागणार, तो कोणत्या खात्यात धरला?

मग आमचे मत काय? देशाची वेळ एकच असावी. रेल्वे, बँका, परीक्षा, न्यायालये यांना दोन घड्याळे परवडणार नाहीत. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढून सरकारी आणि व्यापारी कामकाजात भारतीय प्रमाण वेळच वापरावी असे सुचवले, त्यालाही तत्त्वतः आमचा विरोध नाही. पण घड्याळ एक म्हणजे कामाचे तास एक, असे कोणी ठरवले? ईशान्येत कचेऱ्या आठला उघडा आणि चारला बंद करा. चहाच्या मळ्यांना त्या कायद्याने जी मुभा होती ती जिल्ह्यांना द्या. त्याला घड्याळाचा काटा हलवावा लागत नाही, बेंगळूर आणि दिल्लीने आपला हट्ट हलवला तरी पुरे.

सुरुवात घरापासून करू. हिवाळ्यात शनिवारी सकाळच्या शाळेला शिवारातल्या वस्तीवरची मुले अंधारात, धुक्यातून चालत येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ही शाळा अर्धा तास उशिरा भरवावी, असा अर्ज गावातल्या सर्व शाळांच्या पालकांच्या सह्यांनिशी द्यावा असे आम्ही सुचवतो. अर्ज मराठीत लिहावा, आणि पोच घ्यायला विसरू नये.