औंढ्याच्या शांततेचे मोल

वर्धा-नांदेड रेल्वेमार्ग २००८-०९ साली मंजूर झाला. यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांतून जाणाऱ्या या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा खुला व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडले. ज्या हिंगोलीला या मार्गासाठी इतकी वर्षे वाट पाहावी लागली, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी करण्याचे ठरले आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तपासणे अगत्याचे आहे.

या लहरींचे भाकीत आइन्स्टाइनने १९१६ साली केले होते. प्रत्यक्ष नोंद मिळाली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील दोन वेधशाळांत. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. तिथून आलेल्या लहरीने वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या, परस्परांशी काटकोनात असलेल्या भुजांच्या लांबीत जो फरक पडला, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. एवढा सूक्ष्म संकेत गोंगाटातून निवडण्याच्या गणितात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोलाचा वाटा आहे. अशी आणखी एक वेधशाळा पृथ्वीच्या दूरच्या भागात असली, तर लहर आकाशाच्या कोणत्या दिशेने आली हे अधिक अचूक सांगता येते. म्हणून भारताची निवड. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये.

जिथे कापसाला भाव नाही आणि शेतकरी गळफास घेतो, तिथे हा खर्च कशासाठी, असा प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांकडून विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचा रोख चुकतो. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पन्नास हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. त्या तुलनेत ज्ञानासाठी होणारा हा खर्च विसाव्या हिश्शाच्या आसपास आहे. शेतकऱ्याच्या वाट्याचा पैसा विज्ञानाने पळवलेला नाही. गरीब समाजाने केवळ पोटापुरतेच ज्ञान मिळवावे, हा विचार समाजवादाचा नव्हे; तो जुन्या वर्णव्यवस्थेचा अवशेष आहे.

मात्र, खरा प्रश्न निराळाच आहे. या यंत्राला निःशब्द भूमी लागते. जवळून जाणारी आगगाडी, दगडखाण, अवजड कारखाना यांच्या कंपनांनी मोजमाप बिघडते. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला शेजारची वृक्षतोड आणि आगगाड्या यांचा त्रास झालेला आहे. औंढ्याच्या परिसरात ही शांतता आहे. पण ती निव्वळ निसर्गाची देणगी नव्हे. उद्योग आले नाहीत, रूळ आले नाहीत, म्हणूनही ती टिकली. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली ज्या प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, त्याचीच ती एक बाजू आहे. आता त्याच मागासलेपणाला राष्ट्रीय संपत्तीचे मोल आले आहे, आणि ही शांतता पुढेही राखण्याची अपेक्षा या परिसराकडून केली जाणार आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर परिसराने सोडून दिलेल्या संधी हाही या प्रकल्पाचा खर्चच आहे. तो २६०० कोटींच्या आकड्यात दिसत नाही. तो औंढ्याच्या रहिवाशाच्या खात्यावर पडतो.

हे देणे फेडण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. करारानुसार यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून यायचे आहेत. जागा, इमारती आणि निर्वात नळ्या या भारताच्या जबाबदाऱ्या आहेत. म्हणजेच कुशल वेल्डर, वीजतंत्रज्ञ, निर्वात यंत्रणा सांभाळणारे कारागीर यांची गरज वर्षानुवर्षे राहणार. त्यांचे प्रशिक्षण हिंगोलीच्या तंत्रशिक्षण संस्थांत आजच सुरू झाले पाहिजे. अन्यथा स्थानिक तरुणाच्या वाट्याला पहारेकऱ्याची काठीच येईल. नांदेडच्या विद्यापीठात या विषयाचे अध्यासन हवे. परिसरातील मुलांसाठी मराठीतून शिकवणारे विज्ञान केंद्र हवे. कंपन न करणारे उद्योग कोणते, याची यादी करून ते या तालुक्यात आणण्याची जबाबदारी शासनाने घेतली पाहिजे. आणि किती स्थानिकांना कोणत्या दर्जाचे काम मिळाले, याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, तेव्हा जे. सी. कुमारप्पा कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्र घेऊन घाणी आणि हातकागद यांच्याजवळ येऊन बसले. ग्रामीण माणसाच्या हाताला काम आणि त्याच्या बुद्धीला प्रतिष्ठा, हे त्यांच्या अर्थशास्त्राचे सूत्र होते. औंढ्याची वेधशाळा त्याच कसोटीला लावली पाहिजे. तिला विरोध करणे हे आमचे काम नव्हे. तिच्या उभारणीत परिसराचा हक्क पदरात पाडून घेणे हे आहे. हिंगोलीतील कार्यकर्त्यांनी ही मागणी घेऊन गावोगाव जावे, आणि वर्ध्याच्या साथींनी त्यांच्यासोबत उभे राहावे.