पुढच्या लढतीची तयारी

आमच्या पुलगावातून कुणी पोरगा बाहेर निघाला की दोनच प्रश्न विचारले जातात: कुठं लागला आणि पगार किती. सध्या गावातल्या एका पोरानं हे दोन्ही प्रश्न निकामी करून टाकलेत. तो थायलंडला चाललाय, स्वतःच्या पैशानं मार खायला. मुए थाय, म्हणजे तिथली ठोसे-लाथांची झुंज, शिकतो. पुढं त्याची लढत ठरलेली आहे, तीही हौशी गटातली. म्हणजे जिंकला तर गळ्यात पदक, हरला तर डोळ्याखाली काळं-निळं, आणि दोन्हीकडून खिसा रिकामाच.

त्याच्या वडिलांची सगळी नोकरी डेपोत गेली. हिशेबाचा माणूस. मला म्हणाले, “भाऊ, इथं बॅग हाय, पोट्टे हायेत, मैदान हाय. मंग तिथं जाऊन वेगळं काय भेटते?”

प्रश्न रास्त आहे. अंगमेहनतीचं आपल्या भागाला कौतुक नाही असं कुणी म्हणू नये. शेजारच्या देवळीचे रामदास तडस आखाड्यातूनच पुढं आले आणि 2014 व 2019 मध्ये वर्ध्याचे खासदार झाले. नदीपलीकडं अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मंडळी आपले देशी खेळ आणि व्यायाम दाखवून आली. पण आपलं दाखवायला जाणं निराळं आणि दुसऱ्याचं अंगावर घ्यायला जाणं निराळं. या दुसऱ्या प्रकारासाठी मला खाशाबा जाधवांचंच उदाहरण घ्यावं लागतं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. वय बाविसाचं, अंग मातीत घडलेलं. मातीची कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते. तिथं पाय रुततो, अंगाला माती लागली की पकड घट्ट बसते, आणि गुण मोजायला कुणी बसलेलं नसतं. लंडनला गादी होती, घड्याळ होतं, गुण होते. अशा वेळी रीस गार्डनर या अमेरिकी मल्लानं त्यांना गादीची कुस्ती शिकवली. गार्डनर स्वतः हलक्या वजनगटातला माजी जगज्जेता. त्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत संपवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, आणि मग इराणच्या मन्सूर रईसीपुढं ते थांबले. फ्लायवेट गटात सहावे आले. गादीची धड ओळख नसलेल्या माणसाला सहावा क्रमांक म्हणजे थोडं नव्हे.

पण गार्डनरच्या शिकवणीचं खरं पीक लंडनला आलं असं मला वाटत नाही. ते चार वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकला आलं. मधल्या काळात खाशाबा घरीच होते, आपल्याच आखाड्यात घाम गाळत होते. फरक एवढाच की आपण कशासाठी घाम गाळतोय हे आता त्यांना माहीत होतं. परदेशी मल्ल कुठून हात घालतो, गादीवर पाय किती सरकतो, किती मिनिटांनी दम तुटतो, हे सगळं अंगावर घेऊन ते परतले होते. 1952 ला ते एक गट वर, बँटमवेटमध्ये उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी पाडलं आणि कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

म्हणून मी त्या वडिलांना म्हटलं, पोराला जाऊ द्या, पण येत्या लढतीसाठी नको. तोंडावर आलेल्या लढतीसाठी परदेशी धावणं हा मला उलटा हिशेब वाटतो. शेवटच्या आठवड्यांत नवा डाव अंगात मुरत नाही. उलट असलेला डावही डळमळतो. त्यात परकी हवा, परकं जेवण, आणि वजनाचा काटा. काट्याला दयामाया नसते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीत विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली होती. अंतिम लढतीच्या सकाळी 50 किलोच्या गटात वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि तिला बाद ठरवलं. तिच्या मागं तर डॉक्टरांसकट अख्खं पथक होतं. आपला पोरगा तिथं एकटा, भाताच्या थाळीपुढं बसून कशाचा अंदाज बांधणार?

हां, काही गोष्टी तिथंच मिळतात हेही खरं. थायलंडच्या तालमींत दिवसातून दोनदा सराव चालतो, आणि सकाळचा तर पळण्यापासूनच सुरू होतो. हातात पॅड धरून उभा असलेला उस्ताद बहुधा स्वतः लहानपणापासून रिंगणात लढलेला असतो. मान धरून गुडघे मारायची त्यांची जी झोंबाझोंबी आहे, ती व्हिडिओ पाहून येत नाही. समोरच्याचं वजन मानेवर कसं येतं हे मानेलाच कळावं लागतं. आणि सगळ्यात मोठी चीज म्हणजे जोड. पुलगावात त्याच्या वजनाची, त्याच्या तोडीची पोरं असून असून किती असणार? त्यांचा प्रत्येक ठोसा आता याला पाठ झालाय. अनोळखी माणसाचा ठोसा कुठून येईल ते कळत नाही आणि सराव खरा तिथूनच सुरू होतो. घरी शिकून कुणी मोठं होत नाही असं मात्र नाही. अल्फिया पठाण आपल्या नागपूरचीच, आणि 2021 मध्ये पोलंडमधल्या जागतिक युवा मुष्टियुद्ध स्पर्धेत तिनं 81 किलोवरील गटाचं सुवर्ण आणलं.

वडिलांना मी आणखी एक सांगितलं: पोरासोबत कुणीतरी जाणतं माणूस धाडा. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली झुंज देऊन खाशाबा हरले. थकून उतरतात तोच सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव्हशी लढायला त्यांना उभं केलं गेलं. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती. ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. त्या गटात पुढं इशीईनं सुवर्ण नेलं आणि मामादबेयोव्हनं रौप्य. विश्रांती मिळती तर काय झालं असतं हे कुणाला सांगता येणार नाही, पण बाजू मांडायला माणूस हवा होता एवढं नक्की.

“आणि पैसा?” वडील शेवटी मुद्द्यावर आले.

पैशाचं उत्तर माझ्याकडं नाही. खाशाबांकडंही नव्हतं. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तो गुलाल उतरल्यावर ऑलिंपिकचा हा पदकवीर कोल्हापुरात पुन्हा कुस्त्यांच्या मैदानात उतरला, आणि त्यातून आलेल्या पैशानं त्यानं प्राचार्यांचं घर सोडवलं.