विश्लेषण : मोठ्या जनावरासाठी मोठा बोअर हवाच का?

मोबाइलवर परदेशातील शिकारीचा एक व्हिडीओ पाहिला की त्यामागून आणखी दहा येतात. पाचशे मीटरवरचे जनावर एका गोळीत खाली पडते आणि पडद्यावर रायफलच्या बोअरचा आकडा झळकतो. 'जनावर मोठे, अंतर लांब, तर बोअरही मोठा हवा' हे सूत्र त्यातून डोक्यात बसते. भारतात हौशी शिकारीला बंदी असल्याने हा प्रश्न आपला नाही, असे वाटू शकते. पण नरभक्षक ठरवलेला वाघ किंवा बिबट्या मारण्याचा आदेश निघतो, तेव्हा तो आपलाच असतो. नवी मुंबईत नोकरी आणि रायगड-रत्नागिरीत शेती असलेल्या घरांत तर भात पोटरीला आला की 'रानडुकरांसाठी बंदूक घ्यावी का', हा विषय निघतोच. म्हणून हे गणित समजून घ्यायला हवे.

बोअर म्हणजे नेमके काय?

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे माप. रायफलमध्ये ते बहुधा इंचाच्या अंशात सांगतात. .२२ म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर, .३७५ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. काडतुसाच्या बंदुकीचा हिशोब मात्र उलटा आहे. एक पौंड शिशापासून नळीच्या मापाच्या १२ सारख्या गोळ्या होत असतील, तर ती बारा बोअर. त्यामुळे तिथे आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद. बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटरची, म्हणजे .३७५ रायफलच्या जवळपास दुप्पट असते. तरीही लांबच्या माऱ्यात ती रायफलच्या जवळपासही येत नाही.

आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी?

नाही. .२२ची साधी रायफल आणि सैन्यात वापरली जाणारी ५.५६ मिलिमीटरची रायफल यांच्या गोळ्यांची जाडी जवळपास सारखीच. पहिलीची गोळी नळीतून निघताना सुमारे १४० जूल ऊर्जा घेऊन निघते, दुसरीची सुमारे १७०० जूल. हा बारापट फरक मुख्यतः काडतुसातल्या दारूमुळे आणि तिने मिळणाऱ्या वेगामुळे पडतो. गोळीचे वजन, तिची बांधणी आणि अंगात शिरल्यावर ती किती खोल जाते, हेही तितकेच महत्त्वाचे.

आफ्रिकेतील अनेक देशांत हत्ती, रानम्हैस यांसारख्या जनावरांसाठी .३७५ हा किमान बोअर मानतात. जाड कातडी आणि हाडे भेदण्यासाठी जड गोळी लागते, हे खरेच आहे. पण असे जनावर बहुधा शंभर मीटरच्या आत गाठूनच मारतात. लांबच्या अंतरासाठी जगभरचे शिकारी उलट सात-आठ मिलिमीटरच्या, निमुळत्या आणि वेगवान गोळ्या पसंत करतात. म्हणजे 'मोठे जनावर' आणि 'लांबचे अंतर' या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिलीला वजन लागते, दुसरीला वेग आणि हवा कापणारा आकार.

अंतर वाढले की काय होते?

.३०-०६ ही शंभर वर्षांहून जुनी, जगभर वापरली जाणारी रायफल घेऊ. २०० मीटरवर नेम बसवला, तर तिची गोळी ३०० मीटरवर साधारण वीतभर खाली लागते आणि ४०० मीटरवर दोन फुटांहून अधिक खाली. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा असेल, तर ४०० मीटरवर ती फूटभर बाजूला सरकते. तिथे पोहोचेपर्यंत तिची जवळपास निम्मी ऊर्जा संपलेली असते. अर्धा-पाऊण सेकंद वेळही गेलेला असतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकते.

रानडुकराचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जागा असते जेमतेम ताटलीएवढी. गोळी तिथे लागली नाही, तर बोअर कितीही मोठा असला तरी जनावर जखमी होऊन झाडीत शिरते. जखमी वाघ, बिबट्या किंवा रानडुक्कर हे धडधाकट जनावराहून धोकादायक. शिवाय मोठ्या बोअरचा धक्का खांद्याला जोरात बसतो आणि त्या भीतीने चाप ओढतानाच नेम हलतो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल.

जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या टिपला तो .२७५ रिग्बीने, म्हणजे सात मिलिमीटरच्या रायफलने, रात्री झाडावर बसून, जवळून. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते .२२च्या रायफलने. त्या ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचे असते. .२२ने मोठे जनावर मारता येत नाही, तसा विचारही कुणी करू नये. मुद्दा इतकाच, की नेम सरावाने येतो; दुकानातून मोठी रायफल आणल्याने येत नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेच संपले. नुसता मारणे नव्हे, तर फासकी लावणे, विष घालणे, हाकारा करणे आणि तसा प्रयत्न करणेही शिकारीच्या व्याख्येत येते. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते.

शस्त्र कायदा बोअरकडे वेगळ्याच नजरेने पाहतो. .३१५ आणि .३०-०६ या रायफली परवान्यावर मिळतात, थ्री-नॉट-थ्री मात्र निषिद्ध बोअरमध्ये मोडते. ती अधिक घातक आहे म्हणून नव्हे, तर तिचे काडतूस सैन्य-पोलिसांचे आहे म्हणून. सरकारी दारूगोळा बाहेर वापरला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. थोडक्यात, भारतात कोणता बोअर हाती येईल हे ठरवताना जनावराच्या आकाराचा विचारच होत नाही. आणि शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे.

महाराष्ट्रात हा प्रश्न कधी येतो?

माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघ किंवा बिबट्या पकडणे अथवा बेशुद्ध करणे शक्य नसेल, तरच त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणांसह देऊ शकतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती सांगते, की हे काम शक्यतो विभागातल्याच निष्णात कर्मचाऱ्याने करावे आणि त्याला योग्य बोअरचे शस्त्र द्यावे. या वाक्यात बोअरइतकेच महत्त्व 'विभागातल्या' आणि 'निष्णात' या शब्दांना आहे.

यवतमाळमधील टी-१ ऊर्फ अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील १३ मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले होते. आधी बेशुद्ध करा, ते न जमल्यास गोळी घाला, असा आदेश होता. गोळी झाडली ती खासगी नेमबाजाने. त्यानंतर देशभर वाद झाला तो बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, पशुवैद्यक जागेवर होता का आणि गोळी लागली तेव्हा वाघिणीचे तोंड कुठे होते, यावर. प्राधिकरणाच्या समितीनेही नियम मोडल्याबद्दल आक्षेप नोंदवले. बंदूक पुरेशी मोठी नव्हती, अशी तक्रार कुणाचीच नव्हती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत मुलांचेही बळी गेल्यावर गावकऱ्यांचा संताप रस्त्यावर आला. डार्टचा नेम चुकला, बिबट्या चालून आला आणि नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या, असे वन विभागाने सांगितले. बेशुद्धीची बंदूक साधारण तीस-चाळीस मीटरच्या आतच भरवशाची असते आणि औषधाचा अंमल चढायला काही मिनिटे जातात. म्हणजे आपल्याकडची खरी कसोटी पाचशे मीटरवर नसून तीस मीटरवर, अंधारात, उसाच्या कडेला आहे.

शेतातल्या रानडुकराचे काय?

पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर व रोही यांना मारण्यासाठी शेतकरी वन विभागाकडे अर्ज करू शकतो. तशी तरतूद राज्याने २०१५ मध्ये केली. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय शस्त्र कायद्यातही आहे. हे शेतकऱ्याचे दुखणे खरे आहे. एका रात्रीत कळप शिरला की हंगामाची मेहनत जाते.

पण इथेच मोठ्या रायफलचा मोह सर्वांत घातक. रायफलची गोळी नेम चुकल्यावर तीन-चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. कोकणात एवढ्या टप्प्यात किमान दोन वाड्या, एक रस्ता आणि एखादी शाळा असते. पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात २०२५ च्या सुरुवातीला रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. त्या गोळीचा बोअर काय होता, याने त्या घराला काही फरक पडत नाही. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय चाप ओढू नये, हा नेमबाजीचा पहिला धडा तिथे मोडला गेला.

मग करायचे काय?

सरकारने तीन गोष्टी कराव्यात. एक, प्रत्येक वन वृत्तात विभागाचेच प्रशिक्षित नेमबाज आणि पशुवैद्यक यांचे पथक असावे, त्यांचा नियमित सराव व्हावा आणि 'योग्य बोअर' म्हणजे नेमका कोणता, हे जनावरानुसार लेखी ठरवावे. ऐनवेळी बाहेरून शिकारी बोलावण्याची वेळ येऊ नये. दोन, प्रत्येक कारवाईनंतर अंतर, वेळ, वापरलेले शस्त्र आणि बेशुद्धीचे झालेले प्रयत्न यांचा अहवाल जाहीर करावा. तीन, रानडुकरांबाबतच्या अर्जाचा निर्णय पीक उभे असतानाच व्हावा आणि परवानगीनंतरचे काम एकट्या शेतकऱ्यावर न सोडता पथकाने करावे. परवानगी उशिरा आणि भरपाई त्याहून उशिरा मिळाली, की माणूस फासकी, विजेची तार किंवा गावठी बंदुकीकडे वळतो.

वाचकांसाठी सांगणे एवढेच, की नेमबाजीची आवड असेल तर पनवेल परिसरातही चांगले प्रशिक्षण मिळते. गावी रानडुकरांचा उपद्रव असेल, तर बंदुकीची चौकशी करण्याआधी पंचनामा आणि अर्ज करा. बोअर मोठा केल्याने चूक लहान होत नाही. ती फक्त आणखी लांब जाऊन लागते.