भिंतीतील ओल आणि माळ्यावरच्या चोपड्या

गळतीचे पाणी पुसले की काम संपले, असा बहुतेक घरांचा समज असतो. भिंतीने शोषलेले पाणी मात्र आतच राहते. प्रथम त्या भिंतीतील वीजजोडणी बंद करावी. मग सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहावा. काटा फिरतच राहिला, तर दोष भरल्या नळात आहे. अन्यथा संशय न्हाणीघराची फरशी व सांडपाण्याच्या नळाकडे वळतो.

भिजलेल्या वस्तूंवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते. ती आल्यावर घासून काढणे जैन घराला रुचणारे नाही. म्हणून ती उगवूच न देणे श्रेयस्कर.

व्यापारी कुटुंबाची खरी हानी चोपड्यांची. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात. आजोबांच्या हातची रोजमेळ तर कोणत्याही मुदतीपलीकडची. ओल्या वह्या कडक उन्हात ठेवू नयेत, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. पानांमध्ये टीपकागद घालून तो वारंवार बदलावा, सावलीत वारा द्यावा. वह्या पुष्कळ असल्यास उरलेल्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात; गोठल्याने बुरशी थांबते आणि सवड मिळते. ग्रंथालयेही हाच उपाय करतात.

रंगाऱ्याला बोलावण्याची घाई व्यर्थ. ओल्या गिलाव्यावरचा रंग फुगून सुटतो आणि त्याखालून पांढरा लोणा पुन्हा दिसू लागतो.