बर्फावरची हत्यारे

१९३८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराची उत्तरेकडची भिंत तोवर कोणी सर केलेली नव्हती. कास्परेक आणि हारर हे दोन ऑस्ट्रियन गडी तिच्यावरच्या बर्फात कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदीत तासन्‌तास खपत होते. कास्परेकच्या बुटांखाली दहा दात्यांचे जुने क्रॅम्पॉन होते. हाररच्या बुटांना नुसते खिळे. मागून हेकमायर आणि फर्ग ही जर्मन जोडी आली. त्यांच्या क्रॅम्पॉनना बारा दाते. त्यांतले दोन थेट पुढे निघालेले. ते बर्फात रोवीत दोघे भराभर वर आले आणि त्यांनी पुढच्यांना गाठले. मग चौघांनी मिळून २४ जुलैला शिखर गाठले. (हाच हारर पुढे महायुद्धात कैदी म्हणून तेव्हाच्या अहमदनगरला व देवळालीला राहून गेला!) हिंमत चौघांचीही सारखीच, फरक पाडला तो दोन दात्यांनी.

सह्याद्रीत हात तयार झालेल्या ज्या तरुणांना स्पीती-लडाखचे गोठलेले धबधबे चढण्याची ओढ लागली आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

खरेदी बुटापासून सुरू करावी. तळ न वाकणारा बूट आधी घ्यावा आणि तो बरोबर नेऊनच क्रॅम्पॉन निवडावेत. पट्टा न आवळता बूट उचलून हलवला, तरी क्रॅम्पॉन जागचा सुटता कामा नये. सुटला तर तो त्या बुटाचा नव्हे. अॅल्युमिनियमचे क्रॅम्पॉन हलके म्हणून मोह पडतो. पण उभ्या कठीण बर्फावर पोलादच हवे. कुऱ्हाडी दोन, वाकड्या दांड्याच्या. पहिले धडे मात्र उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी घ्यावेत. पैसे खर्चण्याआधी हाताला काय मानवते ते कळते. दोर मात्र कोणाचा वापरलेला कधीच विकत घेऊ नये. त्याने किती झटके खाल्ले, हे तो सांगत नाही.

आता निगा. बोथट कुऱ्हाड बर्फात रुतत नाही. ती बर्फ फोडते. एका घावाच्या जागी चार घालावे लागतात, हात भरून येतात आणि ढलप्या खालच्या सोबत्याच्या डोक्यावर कोसळतात. म्हणून टोकांना धार हवी. ती साध्या कानशीने, मूळचा आकार सांभाळून, हलक्या हाताने लावावी. विजेच्या सहाणेवर टोक धरू नये. ते तापून निळे पडते, पोलादाचे पाणी उतरते आणि ऐन वेळी टोक वाकते. आपल्या गावच्या लोहाराला विचारा, तोही हेच सांगेल.

आइस-स्क्रू म्हणजे तोंडाशी दात असलेली पोकळ नळी. काढल्याबरोबर आतला बर्फ झटकून टाकावा. तो आत गोठला तर पुढच्या वेळी स्क्रू बर्फ धरीत नाही. दात दगडावर आपटू नयेत. वर टोपण असावे.

घरी आल्यावर ओली पिशवी तशीच माळ्यावर टाकणारे पुष्कळ. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत मग गंज चढायला किती वेळ! लोखंडी सामान पुसून, वाळवून, त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. ते तेल दोराला लागू देऊ नये. दोर सावलीत वाळवावा, मोटारीच्या बॅटरीपासून दूर ठेवावा आणि त्यावर क्रॅम्पॉनचा पाय कधीही पडू देऊ नये.

खंडेनवमीला हत्यारे पुसून पुजण्याची आपली रीत आहे. ती नुकतीच पार पडली. हिमालयातले धबधबे नीट गोठायला अजून दोनेक महिने आहेत. तेवढ्यात सारे सामान एकदा उजेडात मांडा. दात्याला तडा दिसतो का, पट्टा उसवला आहे का, ते पाहा. दोर बोटांतून सरकवा. कुठे मऊ वा चपटा लागला तर तो बाद करा. जुना दोर टाकणे आपल्या जिवावर येते खरे. पण न टाकणे जिवावर बेतते.